बोटीला फायबर मारताय? आधी लाकूड वाळू द्या!

मैत्रिणींनो, या पानांवर आपण बरणीतलं लोणचं, साडीवरचा डाग आणि रव्यातल्या अळ्या यांच्याबद्दल नेहमीच बोलतो. आज बोलूया बोटीच्या केबिनच्या जमिनीबद्दल. "आमच्याकडे कुठे आलीय बोट?" असं म्हणून पान उलटू नका हं! ज्या घरी बोट आहे त्या घरी बोट हेच शेत, बोट हेच दुकान आणि बोट हेच बँकेचं पुस्तक. आणि ज्या घरी ती नाही, तिथे मोरीजवळचं कपाट आणि न्हाणीचं दार असतंच. प्लायवूड कुजतं ते दोन्हीकडे एकाच रीतीने.

आमचं घर हर्णै बंदराजवळ. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, बाकीचा वेळ घर. घरची बोट लाकडी आणि जुनी. मागच्या अंगाला लहानशी केबिन. त्यात सुकाणू, एक बाकडं आणि दोन माणसांनी आळीपाळीने पाठ टेकावी एवढी जागा. खाली इंजिन. केबिनची जमीन म्हणजे आडव्या वाशांवर स्क्रूने बसवलेलं प्लायवूड, आणि त्यावर आमच्या भागात ज्याला नुसतं 'फायबर' म्हणतात तो काचेच्या तंतूंचा आणि रेझिनचा थर.

२०२४ च्या मार्चमध्ये भाऊजी रात्री सुकाणूवर उभे असताना त्यांचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला. खाली इंजिनाचा पट्टा फिरत होता. भाऊजी सुकाणूला धरून होते म्हणून वाचले, नाहीतर काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही. विशेष म्हणजे ही जमीन जुनाट नव्हती. दोनच पावसाळ्यांपूर्वी एका कारागिराला बोलावून तिच्यावर नवं फायबर मारून घेतलं होतं. वरून कशी छान चकचकीत! ती उचकटली तेव्हा खालचं प्लायवूड भिजवलेल्या पोह्यांसारखं हातात आलं.

असं का झालं? आपण गृहिणींनी याचं उत्तर पटकन द्यायला हवं. लोणच्याची बरणी ओली राहिली आणि वरून दादरा घट्ट बांधला तर काय होतं? बुरशी. फायबरही तसा दादराच आहे. तो बाहेरचं पाणी आत जाऊ देत नाही हे खरं, पण आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. ओल्या लाकडावर तो चढवला की खालची ओल कोंडली, आणि बुरशीला पाहिजे तेवढंच मिळालं. शिवाय लाकूड ओलीने फुगतं, वाळलं की आकसतं. फायबर तसं हलत नाही. मग दोघांमध्ये फट पडते आणि त्या फटीत आणखी पाणी शिरतं.

इथे एक गोष्ट सांगते, ती ऐकून आमच्या मामंजींनाही नवल वाटलं होतं. त्यांचा समज असा, की समुद्राच्या खाऱ्या पाण्याने केबिन कुजते. प्रत्यक्षात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी फार आवडतं. खारात लोणचं टिकतं, तसंच मिठाने भिजलेलं लाकूड बुरशीला बरंच तोंड देतं. (समुद्रातली लाकूड पोखरणारी कीड वेगळी, ती पाण्याखालच्या फळ्या खाते, केबिनपर्यंत येत नाही.) मग केबिनमध्ये गोडं पाणी येतं कुठून? छपराच्या सांध्यातून पावसाचं, खणात भरलेल्या बर्फाचं वितळून आलेलं, पिण्याच्या पिंपातून सांडलेलं आणि तोंड धुतल्यावर कोपऱ्यात साचलेलं. म्हणून हातात करवत घेण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. आमच्याकडे खिडकीच्या चौकटीखालून पावसाचा ओघळ येत होता आणि भिंतीच्या आतून उतरून थेट प्लायवूडच्या कडेला लागत होता. ती चौकट आधी दुरुस्त केली. ती तशीच ठेवली असती तर पुढचं सगळं काम पाण्यातच गेलं असतं.

कुजलेला भाग नेमका किती ते कसं कळणार? माठ विकत घेताना आपण तो वाजवून बघतो ना, अगदी तसंच. पेचकसाच्या मुठीने जमिनीवर वीत-वीत अंतराने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लाकूड धड आहे. बद्द आवाज आला तर तिथे खडूने फुली मारा आणि दाभण टोचून पाहा. दाभण लोण्यात गेल्यासारखं गेलं की समजा ती फळी गेली. फुल्यांच्या बाहेर आणखी वीतभर चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढा. इथे चिकटपणा नको. 'एवढं चालेल' म्हणून ठेवलेला कुजका तुकडा शेजारच्या नव्या फळीलाही लागतो.

फळी काढल्यावर खालचे आडवे वासे दिसतील. तेही दाभणाने तपासा. वासा मऊ लागला तर तिथेच थांबा आणि सुताराला बोलवा. माझं स्पष्ट मत आहे, की हौशी माणसाने केबिनची जमीन जरूर करावी. पण वासे, इंजिनाची बैठक आणि पाण्याखालच्या फळ्या यांना हात लावू नये. जमीन चुकली तर पुन्हा काढता येते. ते चुकलं तर माणसं समुद्रात असतात.

आता वाळवण्याचं. आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा सगळ्यांना वाटतं की दुरुस्तीची हीच वेळ. जाळी विणायला आणि इंजिन उघडायला असेल. फायबरला मात्र जून-जुलैसारखे वाईट महिने नाहीत. ज्या हवेत आपले पापड सादळतात त्या हवेत प्लायवूड काय वाळणार? आम्ही पुनवेच्या उधाणाला बोट वर घेतली आणि एप्रिलच्या उन्हात काम उरकलं. बारा दिवस धंदा बुडाला. सासूबाई म्हणाल्या, "अगो, आता चार फळ्या ठोका नि पावसाळ्यात बघा काय ते." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, बारा दिवसांचं मासळीचं उत्पन्न म्हणजे काही थोडं नाही. पण भाऊजींचा पाय सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. शेवटी त्यांनीच आपल्या पाटल्यांकडे बघत "करा" म्हटलं, आणि पाटल्या न विकता भागलं ते घरच्या घरी काम केल्यामुळे.

वाळलं की नाही हे हाताने कळत नाही. संध्याकाळी फळीवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन खाल्ल्यावर पाहा. प्लास्टिकच्या आतून बारीक थेंब दिसले किंवा खालचं लाकूड गडद दिसलं तर अजून थांबायचं. दुसरी युक्ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची. त्याच लाकडाचा एक तुकडा तिथेच ठेवून रोज तोलायचा. तीन दिवस वजन घटलं नाही की तो पुरेसा वाळला. जे वासे काढता येत नाहीत त्यांच्यासाठी केबिनची दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून पंखा लावा.

आमच्या जुन्या बोटींना पूर्वी माशांच्या यकृताचं तेल पाजायची पद्धत होती. इंजिनाजवळच्या लाकडात डिझेल मुरलेलं असतं. अशा तेलकट लाकडाला रेझिन धरत नाही. तेलकट डब्यावर कागद चिकटतो का कधी? वरवरचं तेल साबणाने आणि मग अ‍ॅसिटोनने पुसलं तर निघतं, खोल मुरलेलं निघत नाही. ती फळी बदलणं हाच उपाय.

नवं प्लायवूड घेताना त्यावर 'आय.एस. ७१०' हा शिक्का बघून घ्या. तो मरीन प्लायवूडचा. दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे वहिनी, तेच ते' म्हणून दुसरं पुढे करेल, घेऊ नका. आणि मरीन असलं तरी त्याच्या कडा पाणी पितात. धान्याच्या पोत्याला उंदीर शिवणीपाशीच लागतो, तसं प्लायवूड कडेपाशी आणि स्क्रूच्या भोकापाशीच कुजायला लागतं. म्हणून फळी बसवायच्या आधी घरी आणून तिच्या खालच्या बाजूला रेझिनचे दोन हात आणि कडांना तीन हात द्या. खालची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून पुष्कळ जण ती कोरीच ठेवतात. स्क्रूची भोकं जरा मोठी पाडून लांबीने भरा, आणि ती घट्ट झाली की तिच्यातच पुन्हा बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. मग स्क्रूच्या वाटेने आलेलं पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. लांबी म्हणजे रेझिनमध्ये संगजिऱ्याची पूड कालवून केलेलं श्रीखंडाएवढं घट्ट मिश्रण.

कोचीला केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्था आहे, १९५७ साली स्थापन झालेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी रबराच्या झाडाच्या लाकडाच्या होड्या करून त्यांवर फायबरचं आवरण चढवलं. हे लाकूड एरवी चटकन सडणारं. पण तिथेही आधी लाकडावर टिकाऊपणाची प्रक्रिया, मग आवरण, हाच क्रम होता.

सामानाचा हिशेब मी सातवीच्या मुलांना घालतात तसा मांडून दाखवते. आमची जमीन ६ फूट बाय ५ फूट, म्हणजे ३० चौरस फूट, साधारण २.८ चौरस मीटर. काचेच्या तंतूंची पांढरी चटई मिळते तिला मॅट म्हणतात. '४५०' ची मॅट म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम. एका थराला सव्वा किलो, दोन थरांना अडीच किलो. भिंतीवर चार इंच चढवायचा पट्टा आणि कापताना वाया जाणारी धरून साडेतीन किलो. रेझिन मॅटच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीचपट लागतं. प्लायवूडला पाजायचं आणि शेवटच्या हाताचं मिळवून आम्हांला दहा किलो लागलं. रेझिन पॉलिस्टरचं घेतलं. एपॉक्सी लाकडाला जास्त घट्ट धरतं यात शंका नाही, पण ते महाग. शिवाय त्याच्याबरोबर ही मॅट चालत नाही, विणलेलं काचेचं कापड लागतं. कारण मॅटचे तंतू ज्या डिंकाने धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, आणि एपॉक्सीत स्टायरीन नसतं.

आता पुढचं दोनदा वाचा. रेझिन आपोआप घट्ट होत नाही. त्याला कोबाल्ट नावाचा जांभळा द्रव आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर, दोन्ही लागतात. हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. एकाच चमच्याने दोन्ही मोजायचेही नाहीत. यापेक्षा आधीच कोबाल्ट घातलेलं रेझिन मागून घ्या, म्हणजे घरात कोबाल्टची बाटलीच येणार नाही. मी तर म्हणेन हौशी माणसाने दुसरं घेऊच नये. हार्डनर डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून डोळ्यांना चष्मा हवा, बाजूंनीही बंद असलेला. उडालाच तर लगेच पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि तडक डॉक्टरकडे. पाण्याची कळशी जवळ भरून ठेवल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नका. आणि ही बाटली पाण्यासारखी दिसते, म्हणून ती सरबताच्या नाहीतर औषधाच्या बाटलीत ओतून ठेवायची नाही. मुलं असलेल्या घरात तर कुलपातच.

रेझिनच्या वासाने डोकं चढतं. साधा कापडी रुमाल किंवा दवाखान्यातला मास्क वाफेला अडवत नाही. रंगकामाचं सामान मिळतं तिथे कार्बनच्या डब्या लावलेला मुखवटा मिळतो, तो घ्या. केबिनसारख्या बंद जागेत तो नसेल तर काम करूच नका, आणि एकट्याने तर नकोच. दिवस गेलेल्या बाईने आणि दमेकरी माणसाने आसपासही थांबू नये. बॅटरीची वायर सोडून ठेवा, डिझेलचा कॉक बंद करा. विडी, स्टोव्ह, काही नको. अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखा पेट घेतो.

मिसळण्याचं प्रमाण वजनावर. अर्धा किलो रेझिनला दीड टक्का हार्डनर म्हणजे साडेसात ग्रॅम, सिरिंजने सुमारे साडेसहा मिलिलीटर. (सिरिंज बिनसुईची, आणि या कामानंतर फेकायची.) एप्रिलच्या उन्हात आम्ही एक टक्काच घातला, साडेचार मिलिलीटर. त्याहून कमी करू नका, पुरतं घट्ट होत नाही. डब्याबरोबरचं पत्रक सांगेल ते प्रमाण शेवटचं. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका. इडलीचं पीठ एकदम भिजवतो तसं हे नाही. पंधरा-वीस मिनिटांत ते जेलीसारखं व्हायला लागतं आणि डब्यात जास्त उरलं तर तापून धूर सोडतं. उरलेलं पसरट पत्र्यावर ओतून वाळूवर ठेवा, थंड झाल्यावरच टाका.

जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो काटकोन मॅटला मानवत नाही. तिथे लांबीची गोलाई द्या, गच्चीच्या कठड्याशी गवंडी देतो तशी. मग पॉलिशपेपरने सगळं खरबरीत करून, धूळ पुसून रेझिनचा पहिला हात. तो चिकट झाला की वर मॅट अंथरा आणि ब्रशने रेझिन पाजा. ब्रश ओढायचा नाही, टोचल्यासारखा टेकवायचा, नाहीतर तंतू गोळा होऊन येतात. पांढरी मॅट भिजली की काचेसारखी पारदर्शक होते. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा कोंडलीय. खाचांचा लोखंडी रूळ मिळतो, तो मधून कडेकडे फिरवून हवा बाहेर काढा. काम सगळं रूळ फिरवण्यातच आहे. भाऊजी आणि हे रेझिन पाजत होते, मी रूळ फिरवत होते. बायकांनी बोटीवर चढू नये असं म्हणणारे बंदरावर दोन-चार उभे होते, तेही दुपारी रूळ कसा धरायचा ते विचारून गेले.

पहिला थर घट्ट झाल्यावर दुसरा. भिंतीवरचा वरचा काठ कापायची वेळ साधावी लागते. रेझिन खरवसासारखं झालं की सुरीने सरळ कापलं जातं. तो क्षण गेला की मग मशीनने घासत बसा, आणि काचेची धूळ खा.

पॉलिस्टरचा शेवटचा हात हवेत चिकटच राहतो, म्हणून त्यासाठी मेण घातलेलं टॉपकोट मागायचं. ते ओलं असतानाच त्यावर धुऊन वाळवलेली नदीची बारीक वाळू चाळणीने भुरभुरवली. चुलीवरची सांडगी भाजल्यासारखी दिसते खरी, पण ओल्या पायांना धरते. किनाऱ्यावरची वाळू वापरू नका, तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं. इंजिनावरचं झाकण वेगळंच ठेवलं आणि जमिनीला दोन्ही टोकांना जाळीची हवाभोकं ठेवली, भोकांच्या कडा रेझिनने पाजून. बोट नांगरलेली असली की झाकण उघडं. खाली वारा खेळला पाहिजे.

आठ दिवस केबिनमध्ये कुणाला झोपू दिलं नाही, स्टोव्ह पेटवू दिला नाही. वास पूर्ण गेल्यावरच बाकडं आत गेलं.

अंगाची खाज हा या कामातला प्रसाद. काचेचे तंतू कातडीत रुततात. पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाला, हातात नायट्राइलचे मोजे घाला, आणि अंघोळ आधी गार पाण्याने करा. कढत पाण्याने खाज वाढते. ते कपडे घरच्या धुण्यात घालू नका, वेगळे झटकून, वेगळे धुऊन टाका. नाहीतर तान्ह्या बाळाच्या दुपट्यात काच गेली म्हणून समजा. अ‍ॅसिटोनने हात धुवायची कारागिरांना सवय असते. तिने कातडी कोरडी पडून फाटते. थोडं खोबरेल चोळून साबणाने धुतलं तरी पुष्कळ निघतं.

आता दर पावसाळ्याच्या आधी आणि नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात जाण्याआधी पेचकसाची मूठ घेऊन जमीन वाजवायची. २०२४ आणि २०२५ असे दोन पावसाळे झाले, आवाज खणखणीत आहे. खिडकीखालच्या कोपऱ्याकडे मी जरा जास्त वेळ ठोकते.

थोडी मॅट आणि किलोभर रेझिन उरलं होतं. रेझिन सावलीत चार-सहा महिने टिकतं, हार्डनरपासून लांब ठेवलं तर. त्यातून सासूबाईंची मासळी धुण्याची फुटकी टाकी सांधून दिली. पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला मात्र हे रेझिन लावू नका.